मोरीच्या वाटेने

ऊन, पाऊस आणि वारा यांपासून आपले रक्षण व्हावे म्हणून मनुष्याने घर बांधले. या घराच्या चार भिंतींच्या आत आपलीच सत्ता चालते, अशी त्याची समजूत आहे. परंतु ही समजूत माणसाखेरीज इतर कोणी मान्य केलेली नाही. उंदराच्या दृष्टीने आपले घर म्हणजे धान्याने भरलेले एक प्रशस्त बीळ होय. पालीला ती दिव्याभोवती किडे जमवून देणारी शिकारीची जागा वाटते. बेडकाला मोरीतला ओलावा आवडतो. आणि पावसाळ्यात ज्याच्या बिळात पाणी शिरले आहे, अशा सापाला आपल्या पडवीचा कोपरा ही जवळची कोरडी जमीन असते. उंबरठा कोठे संपतो व कोठे सुरू होतो, हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नसते.

याच घरात आपल्याबरोबर आणखी कोणी राहत असते. ओसरीवर अंग मुडपून निजलेला कुत्रा असतो, किंवा चुलीजवळच्या उबेला बसून डोळे मिटणारी मांजर असते. ही जनावरे आपल्या हातचे खातात, आपल्या हाकेला ओ देतात, आणि रात्री आपण झोपलो तरी अर्धी जागी असतात. म्हणून रानातला प्राणी घरात शिरला की त्याची पहिली गाठ बहुधा यांच्याशीच पडते.

असे शिरणारे प्राणी अनेक आहेत. उसाच्या शेतांजवळच्या वस्त्यांवर आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्या येतो, तो कित्येकदा कुत्र्यासाठीच येतो. अकोले तालुक्यात केलेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच असल्याचे आढळून आले. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. माकडांची टोळी स्वयंपाकघरात घुसली आणि कुत्र्याने तिला अडविले, तर त्याला सुळ्यांच्या खोल जखमा होतात. मुंगूस कोंडीत सापडले की तेही चावते. परंतु बिबट्या काही प्रत्येकाच्या दारी येत नाही. साप मात्र कोकणातल्या वाडीवर येतो, देशावरच्या मळ्यात येतो आणि शहराच्या नव्या वसाहतीतल्या तळमजल्यावरही येतो. म्हणून या पाठात आपण त्याचाच विचार करू.

साप घरात का येतो, असे विचारले तर 'उंदरांसाठी' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल, आणि ते बरोबरच आहे. पण उंदीर कशासाठी आला? कणगीतून सांडलेल्या दाण्यांसाठी, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. आणि पुष्कळदा तो येतो कुत्र्याच्या थाळीत रात्रभर उघड्या राहिलेल्या भाकरीच्या तुकड्यांसाठी! कुत्र्याने टाकलेल्या अन्नाने उंदीर आला, उंदराने साप आणला, आणि सापाने दंश केला तो त्याच कुत्र्याला. या साखळीतील एकही कडी दुष्टपणाची नाही. प्रत्येक जण आपापल्या पोटामागे चालला होता.

याशिवाय आणखीही आमंत्रणे असतात. भिंतीवरच्या पाली खाण्यासाठी कवड्या साप भिंती चढून येतो. तो बिचारा बिनविषारी असतो. पण त्याच्या अंगावरचे पांढरट पट्टे पाहून लोक त्याला मण्यार समजतात व मारतात. खरी मण्यार काळ्या निळसर रंगाची असते. तिचे पांढरे पट्टे डोक्याच्या थोडे मागून सुरू होतात व शेपटीकडे अधिक ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात व शेपटीकडे पुसट होतात. मण्यार उंदरांप्रमाणे इतर सापही खाते, तेव्हा ती कवड्याच्या मागावर आली तर नवल नाही. आता, ही पट्ट्यांची परीक्षा जवळ जाऊन करावयाची नसते, हे निराळे सांगावयास नकोच.

आत येण्यास वाटही मोठी लागत नाही. मोरीचे उघडे भोक, दाराखालची दोन बोटांची फट, भिंतीला टेकलेली वेल, परसात रचून ठेवलेला लाकडांचा ढीग, एवढे त्याला पुरते.

आता आत आलेला साप आणि जागा झालेला कुत्रा यांची गाठ कशी पडते ते पाहा. सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात. जमिनीचे हादरे त्याला जबड्याच्या हाडांतून कळतात, आणि वासाची ओळख तो जिभेने करून घेतो. दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपतो व ते टाळूत असलेल्या एका विशेष इंद्रियाकडे पोहोचवितो. माणसाच्या जड पावलांचा हादरा लागला की तो सहसा आडोशाला सरकतो. कुत्र्याचे तसे नसते. कुत्रा हलक्या पावलांनी येतो, आणि तोही जगाची ओळख वासानेच करून घेतो. टोपल्यामागे काही सळसळले की तो प्रथम नाक पुढे करतो. असे एकाचे नाक आणि दुसऱ्याची जीभ अगदी वीतभर अंतरावर येतात. सापाला मागे भिंत असते, पुढे एक मोठा उष्ण श्वास असतो. त्याच्यापाशी स्वसंरक्षणाचा एकच उपाय आहे आणि तो तो योजतो. म्हणूनच कुत्र्याला झालेला सर्पदंश बहुधा नाकाडावर, ओठावर किंवा पुढच्या पायावर आढळतो. मांजर अधिक सावध असते. ती दूर बसून पाहते, मग पंजा मारते आणि उडी घेऊन मागे सरते. तरीही पंजा मारता मारता पुढच्या पायाला दंश होतोच.

आपल्याकडे घराजवळ आढळणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण चावली तर थोडे रक्त येते, जखम धुवावी लागते, एवढेच. भीती आहे ती मुख्यतः चौघांची: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांच्या विषाच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या समजून घेतल्याखेरीज पुढचे काही समजणार नाही.

नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. मेंदूकडून निघालेला निरोप स्नायूपर्यंत पोहोचतो, पण शेवटच्या दारावरच अडविला जातो. प्रथम पापण्या जड होतात, मागचे पाय लटपटतात, गिळता येत नाही म्हणून तोंडातून लाळ गळू लागते, आणि अखेर श्वासोच्छ्वास करणारे स्नायूही थांबतात. नागाच्या दंशाची जागा सुजते व दुखते. मण्यारीचे दात मात्र इतके बारीक की दंशाची खूणही दिसत नाही, सूजही फारशी येत नाही. रात्री चांगला असलेला कुत्रा पहाटे उठूच शकत नाही, आणि घरच्यांना कारण कळत नाही, असे मण्यारीच्या बाबतीत घडते.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते. रक्त गोठण्याची जी शक्ती आहे ती या विषाने झपाट्याने खर्ची पडते. मग रक्त गोठेनासे होते. दंशाच्या जागेतून ते झिरपत राहते, हिरड्यांतून येऊ लागते, लघवी लाल होते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. कुत्र्याचे नाकाड तासाभरात एवढे सुजते की त्याचा चेहरा ओळखू येत नाही. घोणस चावण्यापूर्वी कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार करते आणि फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करते. माणूस हे ऐकून मागे सरतो. तोच आवाज ऐकून जिज्ञासू कुत्रा मात्र पुढे जातो, हे दुर्दैव.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात मुंगसाची एक गोष्ट आहे, ती तुम्ही ऐकली असेल. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचविणारे मुंगूस रक्ताळलेल्या तोंडाने दारात आले, आणि त्यानेच बाळाला मारले असे समजून घरच्यांनी त्याचा जीव घेतला. पूर्ण परीक्षा न करता केलेल्या कृत्यांविषयीच ते तंत्र आहे. आजही हीच चूक निराळ्या रूपाने होते. नाग चावलेला कुत्रा लाळ गाळतो, झोकांड्या खातो, त्याचा आवाज बदलतो. हे पाहून 'कुत्रे पिसाळले' अशी आवई उठते. कोणी काठी घेऊन धावतो, कोणी त्याला कोंडून ठेवतो. कोणाला वाटते, त्याने काही वाईट खाल्ले असेल, सकाळपर्यंत उतरेल. ज्या दोन तासांत त्याचा जीव वाचला असता, ते असे निघून जातात. मात्र याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. पिसाळण्याच्या रोगातही लाळ गळते व गिळता येत नाही. तेव्हा अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, त्याची लाळ अंगाला लागू देऊ नये, आणि निदान पशुवैद्यावर सोपवावे.

दंश झाला आहे असे वाटले, तर मुलांनी करावयाचे पहिले काम म्हणजे मोठ्या माणसाला उठविणे. साप शोधू नये. काठीने त्याला डिवचण्यात तर दुहेरी धोका आहे. तो निसटतो तरी किंवा दुसऱ्याला चावतो तरी. मारलेल्या सापाचे डोके देखील काही वेळ चावू शकते. तो दूरवरून दिसला तर त्याचा रंग व खुणा ध्यानात ठेवाव्या. भ्रमणध्वनीवर लांबून छायाचित्र मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी काही बिघडत नाही.

मग कुत्र्याकडे वळावे. त्याच्या गळ्यातला पट्टा प्रथम काढावा, कारण सूज मानेकडे उतरली तर तोच पट्टा फास होतो. त्याला चालू देऊ नये. धावण्याने रक्ताभिसरण वाढते व विष अंगात लवकर पसरते. म्हणून त्याला चादरीत किंवा फळीवर निजवून उचलून न्यावे. वेदनेने वेडावलेला प्रेमळ कुत्राही धन्याला चावू शकतो, हे उचलणाऱ्याने विसरू नये. जखमेच्या वर दोरी आवळून बांधणे, जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, चुना किंवा हळद भरणे, पाळेमुळे उगाळून पाजणे, असे जे अनेक उपाय गावोगाव सांगितले जातात, त्यांपैकी एकाचाही उपयोग नाही. आवळलेल्या दोरीने पाय सडतो, कापलेल्या जखमेतून रक्त थांबत नाही. मांत्रिकाला यश आल्यासारखे वाटते त्याचे कारण सरळ आहे: पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप देखील कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. अशी जनावरे मंत्राशिवायही वाचलीच असती. दंश केव्हा झाला ती वेळ लक्षात ठेवून थेट दवाखाना गाठावा, आणि शक्य तर आधी विचारून घ्यावे की तेथे सर्पविषावरील औषध आहे काय. जेथे औषध नाही अशा दारावर वाट पाहण्यात वेळ घालविणे परवडत नाही.

पशुवैद्य दंश कोणत्या तऱ्हेचा आहे हे कसे ओळखतो? साप तर कोणी पाहिलेला नसतो. त्यासाठी एक अत्यंत साधी परीक्षा आहे. जनावराचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन ती नळी २० मिनिटे न हलविता उभी ठेवतात. नंतर ती हळूच कलती करतात. निरोगी रक्त एव्हाना गोठलेले असते, ते जागचे हलत नाही. रक्त पाण्यासारखे वाहू लागले, तर घोणस किंवा फुरसे चावले असावे असे समजते. ना मोठे यंत्र, ना वीज! खेड्यातल्या लहानशा दवाखान्यातही हे करता येते. एवढ्या साध्या युक्तीवर एवढा मोठा निर्णय अवलंबून असावा, याचे मला तरी नेहमी कौतुक वाटते.

सर्पविषावर खरे औषध एकच आहे, ते म्हणजे प्रतिविष. त्याच्या शोधाची कथाही पुराच्या पाण्यापासून सुरू होते. १८९१ साली आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागात अतिवृष्टी झाली आणि बाक लियू नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात घराघरांतून नाग शिरले. ४० माणसांना दंश झाले, त्यांतील ४ दगावली. पकडलेले नाग पिंपात घालून सायगाव येथील प्रयोगशाळेत पाठविण्यात आले. तेथे आल्बेर काल्मेत नावाचा तरुण फ्रेंच शास्त्रज्ञ काम करीत होता. त्या नागांच्या विषावर त्याने प्रयोग आरंभिले, आणि पुढे फ्रान्सला परतल्यावर १८९० ते १९०० या दशकात पहिले प्रतिविष सिद्ध केले.

त्याची कृती मुळात आजही तीच आहे. घोड्याला प्रथम अगदी अल्प, त्रास होणार नाही इतके विष टोचतात. हळूहळू मात्रा वाढवीत नेतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात. मग त्याचे थोडे रक्त काढून त्यातून ती द्रव्ये वेगळी करतात. भारतात मिळणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. त्यासाठी लागणारे विष काढण्याचे काम तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या लोकांनी १९७८ साली स्थापन केलेली सहकारी संस्था करीत आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक सापाचे विष काढून घेतात व पुन्हा त्याला रानात सोडून देतात.

येथे एक गणित करून पाहण्याजोगे आहे. प्रतिविषाच्या एका कुपीत १० मिलिलीटर औषध असते आणि एक मिलिलीटर औषध घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे एका कुपीने ६ मिलिग्रॅम विष संपते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. तर कुप्या किती लागतील? आणि आता सांगा, चावलेला प्राणी दांडगा गावठी कुत्रा नसून इवलेसे पिलू असेल तर कुप्या कमी लागतील काय? मुळीच नाही. औषध विषाशी लढत असते, शरीराच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. सापाने पिलासाठी विष मोजून कमी केलेले नसते. एवढ्या कुप्या प्रत्येक जनावराला मिळतातच असे नाही. त्या महाग आहेत, माणसांसाठीही त्याच लागतात, आणि भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली असा अंदाज आहे. म्हणून पशुवैद्याला मिळतील तेवढ्या कुप्या देऊन बाकीचा भार सलाइन, शुश्रूषा आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास यांवर टाकावा लागतो. नाग किंवा मण्यार चावलेल्या कुत्र्याचा श्वास थांबला तरी हृदय चालू असते. अशा वेळी नळीतून हवा भरीत राहिले, तर विषाचा अंमल उतरेपर्यंत त्याला जगविता येते.

मांजराला नऊ जन्म असतात अशी एक जुनी समजूत आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली तिला एक छोटासा आधार मिळवून दिला. तेथील तपकिरी सापाच्या दंशानंतर, प्रतिविष न देताही, १०० पैकी ६६ मांजरे वाचतात; कुत्री मात्र ३१ च वाचतात. त्यांनी सापांची विषे कुत्र्याच्या व मांजराच्या रक्तद्रवात मिसळून पाहिली, तेव्हा कुत्र्याच्या रक्तद्रवावर त्यांचा परिणाम अधिक लवकर होतो असे दिसले. शिवाय मांजर दुखापत झाली की निपचित पडून राहते. कुत्रा मात्र धावपळ करतो, आणि त्याचे विष त्याच्याबरोबर धावते.

इकडे घरातल्या सापाचेही काही करावे लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण अशा सापांना संरक्षण दिले आहे. तो ज्या खोलीत असेल तिचे दार बंद करून दाराखालच्या फटीत कापड कोंबावे आणि वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे. त्यानंतरची कामे सुताराची व गवंड्याची आहेत: मोरीच्या भोकाला बारीक जाळी, दाराला खाली पट्टी, लाकडांचा ढीग भिंतीपासून दूर. आणि कुत्र्याची थाळी रात्री धुऊन पालथी घालावी.

औषध वेळेवर मिळाले तर नाग चावलेला कुत्रा पुष्कळदा दोन-तीन दिवसांत मान वर करतो व पाणी पितो. नाकाडावरची कातडी काही ठिकाणी झडते, ती भरून यायला काही आठवडे लागतात. घोणस चावली असेल तर त्याच्या मूत्रपिंडांची तपासणी पुढेही काही दिवस करावी लागते. प्रतिविषातून मिळालेली घोड्याची ती द्रव्ये थोड्याच आठवड्यांत त्याच्या शरीरातून निघून जातात. पुढल्या आषाढात त्यांतले काहीही त्याच्या रक्तात शिल्लक राहिलेले नसते, आणि मोरीपाशी पुन्हा सळसळ झाली तर तो पूर्वीसारखाच नाक पुढे करून तिकडे जातो.